चांदीवर चेहरा, पोटीनवर हत्ती

पवनारला धाम नदीकाठी नागपूर विद्यापीठाने १९६७मध्ये उत्खनन केलं, तेव्हा वाकाटकांच्या थराखाली सातवाहनकाळाचा थर लागला. त्या काळी या मुलखात रोजच्या व्यवहाराला कसं नाणं चालत असेल, याचा अंदाज वाशिम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याच्या ठेव्यावरून येतो. १९३९मध्ये सापडलेली ही दीड हजारांच्या आसपासची नाणी पोटीनची, म्हणजे तांब्याच्या हलक्या मिश्रधातूची. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि राजाचं नाव. दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना चार वर्तुळं असलेली फुली. राजाचा चेहरा कुठेच नाही. तो याच घराण्याच्या चांदीच्या नाण्यावर भेटतो, देनारियस या रोमन चांदीच्या नाण्यावर सम्राट ऑगस्टस दिसतो तसा एका बाजूने. म्हणून ही रोमची नक्कल, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं.

देनारियस साडेतीन-चार ग्रॅमचा, सातवाहनांचं नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं. हे वजन जुळतं क्षत्रप नहपानाच्या नाण्याशी, आणि त्यावरचा चेहरा आला इंडो-ग्रीक राजांकडून. त्या राजांपैकी मिनँडरची जुनी नाणी भडोचच्या बाजारात अजून चालतात, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत आहे. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६मध्ये नहपानाची तेरा हजारांवर नाणी मिळाली. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला डोंगर आणि उज्जैन चिन्ह ठोकलं आहे. शत्रूची चांदी त्याने वितळवली नाही, कारण बाजाराचा तिच्यावर विश्वास होता. पुढे स्वतःची चांदी पाडताना चेहरा ठेवला, तोही याच हिशोबाने असणार.

यावर कुणी म्हणेल, चेहरा हा राजाचा डांगोरा. रोममध्ये तो होताच. इसवी सनापूर्वी ४४मध्ये सीझरने हयातीतच स्वतःचा चेहरा नाण्यावर आणला, तेव्हा त्यातलं राजकारण सगळ्यांनी ओळखलं. पण इथे डांगोराच पिटायचा असता, तर शेतकऱ्या-कारागिरांच्या हातातलं पोटीन का सोडलं? हलक्या धातूवर चेहरा उमटत नसेल, हा बचावही टिकत नाही. हत्तीची सोंड आणि भोवतीची अक्षरं त्यावर उमटतातच. व्यापाऱ्याच्या सवयीचा तेवढा चेहरा घेतला, एवढंच. चांदीच्या नाण्याच्या मागे डोंगर, नदीची नागमोडी रेघ आणि उज्जैन चिन्ह घरचंच राहिलं. पुढचा लेख प्राकृतात, मागचा मात्र द्राविडी भाषेत. तो ना रोमकडून आला, ना नहपानाकडून.