जुन्या चित्रकथांच्या शोधात
१९६४ साली सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडली. परंतु वेताळाच्या अंगठीची कवटीमुद्रा आपल्या बालमनावर उमटली ती कायमचीच. वाचकहो, सुटीच्या दिवशी नातवंडाचे बोट धरून गावातील रद्दीच्या दुकानात जुने गठ्ठे चाळून पाहा. पायांना व्यायाम घडेल, मनाला शोधाची उत्कंठा लाभेल. मात्र जुन्या कागदांवरील धूळ व बुरशी दमेकऱ्यांना बाधते. मुखपट्टी अवश्य लावावी. सापडलेला अंक चिकटपट्टीने जोडू नये. ओल व उन्हापासून जपावा. पण कपाटात कोंडूनही ठेवू नये. नातवंडाला शेजारी बसवून तो वाचून दाखवा. आजी-आजोबाही कधी लहान होते, हे त्याला त्या दिवशी उमगेल.