विश्वासघात व निष्ठेच्या बायबलकथांचे अध्यापन (अहिल्यानगर)

विश्वासघात व निष्ठेच्या बायबलकथांचे अध्यापन हा ख्रिस्ती धर्मशिक्षणातील एक भाग असून तो मुख्यतः १२ ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी असतो. योसेफ व त्याचे भाऊ, दावीद व योनाथान, रूथ व नामी, पेत्राचा नकार आणि यहूदा इस्कर्योताचे कृत्य या त्यातील प्रमुख कथा होत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहर व सावेडीसारखी त्याची उपनगरे येथे या विषयाला स्थानिक इतिहासामुळे वेगळा अर्थ प्राप्त झाला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये येथूनच निघाले. मिशनच्या शाळांतून शास्त्रकथा शिकवल्या जात. पुढे त्या कीर्तनाच्या रूपानेही सांगितल्या जाऊ लागल्या.

ज्यांनी त्या काळी धर्मांतर केले त्यांच्याकडे त्यांचे नातलग व जातबांधव बहुधा घर बुडवणारे म्हणूनच पाहत. स्वतः त्यांच्या दृष्टीने मात्र तेच कृत्य सत्याशी राखलेले इमान होते. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई टिळक काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी त्या ताटातुटीचे जे चित्रण केले आहे, त्यात खलपुरुष कोणीच नाही. कुमारवयीन वाचकाला दोन निष्ठांचा संघर्ष समजावून देण्यासाठी याहून चांगले मराठी पुस्तक सापडणे कठीण आहे.

कथांची निवड

योसेफाची कथा बहुधा आधी घेतली जाते, कारण तिच्या आरंभी योसेफ अवघा १७ वर्षांचा आहे. वडिलांचा पक्षपात, रंगीत झगा, भावांचा मत्सर हे सर्व मुलांच्या ओळखीचे असते. भाऊ त्याला २० रुपयांना, म्हणजे चांदीच्या २० नाण्यांना, विकतात. विकण्याची सूचना यहूदा नावाच्या भावाची असते. अनेक वर्षांनी धाकटा भाऊ बन्यामीन अडचणीत येतो, तेव्हा त्याच्याऐवजी स्वतः गुलाम होण्यास पुढे येणाराही हाच यहूदा होय. उत्पत्तीच्या ३७व्या व ४४व्या अध्यायांतील हे दोन प्रसंग शेजारी ठेवून शिकवल्याशिवाय कथा पूर्ण होत नाही. पण अनेकदा पहिलाच प्रसंग रंगवून सांगितला जातो.

नव्या करारातील विश्वासघातक्याचे नावही यहूदाच आहे, आणि बारा शिष्यांत त्याच नावाचा आणखी एक निष्ठावान शिष्य होता. हे नाव यहुदी समाजाच्या नावाशी जोडून युरोपात शतकानुशतके द्वेष पसरवला गेला. म्हणून एका व्यक्तीचे कृत्य संपूर्ण समाजाच्या माथी मारू नये, हे या पाठात स्पष्ट सांगावे लागते. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘हवाली करणे’ असा असून मराठी बायबलमधील ‘धरून देणे’ हा शब्दप्रयोग त्याला जवळचा आहे. ‘विश्वासघात’ हा शब्द कृत्यावर निवाडा देतो, तर ‘धरून देणे’ केवळ घटना सांगते.

योनाथान आपल्या मित्रासाठी राजा असलेल्या पित्याची आज्ञा मोडतो. या वयात मित्रमंडळ घराइतकेच प्रबळ झालेले असल्याने चर्चा येथे हमखास पेटते: मित्राची चूक लपवणे ही निष्ठा की नव्हे? योनाथान दाविदाचा गुन्हा लपवत नाही, निरपराध्याचा जीव वाचवतो, हा भेद शिक्षकाने दाखवावा लागतो. रूथ सासूबरोबर परक्या देशी जाते. दुसरी सून अर्पा माहेरी परतते. ग्रंथ अर्पेला दोष देत नाही, ही गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते.

पेत्र आणि यहूदा

अध्यापनाचा गाभा या दोघांच्या तुलनेत आहे. दोघेही एकाच रात्री चुकतात व दोघांनाही पश्चात्ताप होतो. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र कोळशाच्या विस्तवाजवळ नाकारतो. पुढे तशाच विस्तवाजवळ येशू त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारून पुन्हा जबाबदारी सोपवतो. मत्तयानुसार यहूदा ३० नाणी परत करून पाप कबूल करतो; पण ज्यांच्याकडे तो जातो ते याजक त्याला वाऱ्यावर सोडतात. नंतर तो गळफास घेतो. प्रेषितांच्या कृत्यांत त्याचा मृत्यू वेगळ्या रीतीने वर्णिलेला आहे. कुमारवयीनांपुढे हा मृत्यू न्याय्य शिक्षा म्हणून मांडणे धोक्याचे आहे. चूक केलेल्या मुलाला त्यातून परतीची वाट बंद असल्याचा समज होऊ शकतो. याजकांच्या उत्तरावर थांबून, त्या रात्री त्याचे ऐकून घेणारे कोणी असते तर, असा प्रश्न विचारणे अधिक हिताचे ठरते.

वय व व्यवस्था

इंग्लंडमधील अभ्यासक रोनाल्ड गोल्डमन यांनी १९६४ मध्ये मांडले की साधारण तेराव्या वर्षापर्यंत मुले धार्मिक कथा शब्दशः घेतात. या मतावर पुढे बरीच टीका झाली. तरी रूपकार्थाची घाई करू नये हा त्यातील बोध उपयोगी मानला जातो.

हे शिक्षण प्रामुख्याने मंडळीच्या रविवारच्या शाळेत (संडे स्कूल) आणि दृढीकरणाच्या पूर्वतयारीच्या वर्गांत दिले जाते. भारतीय संविधानाच्या कलम २८ नुसार संपूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळांत अज्ञान विद्यार्थ्याला त्यासाठी बसवायचे तर पालकाची संमती लागते. त्यामुळे एकाच बाकावरील मित्रांपैकी एकालाच योनाथानाची कथा ठाऊक असते.