पित्ताची गोळी केव्हा आणि किती दिवस?

औषधाच्या दुकानात ‘पित्ताची गोळी द्या’ म्हटलं, की बहुधा पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलचं पाकीट पुढे येतं. पुष्कळांना ती आठवते भरपेट जेवून, आंबट ढेकर आल्यावर. मग गुण कसा येणार?

जठराच्या अस्तरात आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. अन्न आलं की ते कामाला लागतात, आणि ही औषधं चालू पंपच बंद पाडतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची, तीही अख्खी. कुटली तर वरचं आवरण फुटून औषध आम्लातच नासतं. पूर्ण परिणामाला तीन-चार दिवस लागतात. जळजळ लगेच शमवायला अँटासिड बरं.

पित्ताच्या त्रासामागे कधी अल्सर, म्हणजे जठरातली जखम असते. तिचं खापर आपण मिरचीवर फोडतो, पण मोठं कारण जंतू असतात. ऑस्ट्रेलियातले डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं. रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. जंतू सापडले तर अँटिबायोटिक्सचा कोर्स पुरा करावाच लागतो. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे गुडघ्यासाठी रोज घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं.

वर्षानुवर्षं पित्ताची गोळी चालली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम घटू शकतं. एकदम थांबवली तर आम्ल उसळतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडावी. रक्ताची गुठळी टाळणारं क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ओमेप्राझोल टाळावं.

शौच डांबरासारखी काळी होणं, घास अडकणं, वजन उतरणं ही तपासणीची लक्षणं आहेत. छातीत दुखून घाम फुटला, तर पित्त समजून घरी थांबू नये. तडक रुग्णालय गाठावं.