चांद दिसला, की जुळवून आणला?

शाबानची २९ तारीख आली की गावोगावी एकच प्रश्न असतो, ‘चांद दिसला का?’ मगरिबच्या सुमारास गच्च्यांवर गर्दी होते, हिलाल समितीकडे फोन खणखणू लागतात. अलीकडे त्यात मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंची भर पडली आहे. भरदिवसाच्या आकाशात केसाएवढी बारीक चंद्रकोर! असा प्रत्येक फोटो खोटा असतो असे नाही. मात्र तो कसा तयार होतो, हे जाणून घेतलेले बरे.

फ्रेंच छायाचित्रकार तिएरी लेगो यांनी ८ जुलै २०१३ रोजी अमावास्येच्या नेमक्या क्षणी, म्हणजे भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून ४४ मिनिटांनी, चंद्रकोर टिपली. रमजान तेव्हा दाराशी आला होता. चंद्र सूर्यापासून साडेचार अंशांहूनही जवळ होता. सूर्यापासून सुमारे ७ अंशांच्या आत आलेली कोर डोळ्यांना दिसत नाही, असे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सांगून ठेवले होते. मग कॅमेऱ्याला ती कशी दिसली?

उत्तर ‘स्टॅकिंग’मध्ये, म्हणजे एकाच दृश्याचे अनेक फोटो एकावर एक रचण्यात आहे. बाजाराच्या गोंगाटात कुणी एकदाच हाक मारली तर ती विरून जाते. तीच हाक शंभरदा आली तर कान ती ओळखतात, कारण गोंगाट दर वेळी वेगळा असतो, हाक तीच असते. फोटोतही तसेच घडते. चंद्राचा प्रकाश प्रत्येक फोटोत ठरल्या जागी असतो, कॅमेऱ्याचे दाणेदार ‘नॉइज’ मात्र दर वेळी बदलते. १६ फोटोंची सरासरी काढली की ते चौथ्या हिश्शावर येते, १०० फोटोंची काढली की दहाव्या.

हे काम करणारी उत्तम सॉफ्टवेअर फुकट मिळतात. तारे आणि तेजोमेघांच्या फोटोंसाठी ‘डीपस्कायस्टॅकर’ आणि ‘सिरिल’ आहेत. चंद्र व ग्रहांच्या व्हिडिओंसाठी नेदरलँड्समधील हौशी मंडळींनी घडवलेली ‘रेजिस्टॅक्स’ आणि ‘ऑटोस्टॅकर्ट’ आहेत. ताऱ्यांच्या फोटोत सॉफ्टवेअर तारे हेरते, त्यांचे त्रिकोण जुळवते आणि सरकलेला, फिरलेला प्रत्येक फोटो पहिल्यावर नेमका बसवते. झाकण लावून काढलेले ‘डार्क’ फोटो वजा करून सेन्सरचे दोष काढले जातात. एकसारख्या उजेडात काढलेल्या ‘फ्लॅट’ फोटोंनी भिंगावरच्या धुळीचे डाग जातात. एखाद्याच फोटोत आलेली विमानाची किंवा उपग्रहाची रेघ अपवाद म्हणून गाळली जाते.

दिवसाच्या चंद्रकोरीला ताऱ्यांचा आधार नसतो. दुर्बीण गणिताने सांगितलेल्या जागी रोखायची आणि निळ्या आकाशाचा उजेड कमी पकडला जावा म्हणून अवरक्त प्रकाशात टिपायचे. सूर्य इतका जवळ असताना हा प्रयोग नवख्यांनी करू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो.

आता मूळ प्रश्न. हा फोटो म्हणजे ‘रुअ्यत’, म्हणजे चंद्रदर्शन का? तो एका क्षणाचा नसतो, अनेक क्षणांची बेरीज असतो. त्यातली कोर कुणाच्याच डोळ्यांनी पाहिलेली नसते. लेगो यांच्या फोटोच्या दिवशी संध्याकाळी भारतात चंद्र नुसत्या डोळ्यांनी दिसणे शक्यच नव्हते. चंद्र आकाशात असणे वेगळे आणि दिसणे वेगळे. तुर्कस्तानात महिना गणिताने ठरतो, उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिलनेही २००६ मध्ये गणित स्वीकारले. आपल्याकडे हिलाल समित्या आजही डोळ्यांनी पाहणाऱ्यांची साक्ष घेतात. या दोन वाटांपैकी कोणती धरायची, हे उलेमांनी ठरवायचे आहे. सॉफ्टवेअर ते ठरवू शकत नाही.

त्याचा उपयोग मात्र आहेच. चंद्र आकाशात नेमका कुठे आहे, याची या फोटोंनी खात्री पटते. कोर क्षितिजावर कुठे शोधायची आणि कोणती साक्ष अशक्य आहे, हे त्याच गणितातून कळते. एका मोहल्ल्यात ईद आणि शेजारच्या मोहल्ल्यात रोजा, असे घडते तेव्हा घरातल्या घरात ताटे वेगळी होतात, शिरखुर्म्याला बोलावलेले शेजारीही गोंधळतात. म्हणून असा फोटो हाती आला तर पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. तो कुठला, किती वाजताचा, आणि किती फोटो रचून केलेला?