गांवच्या पाण्याचा ताळेबंद

पोखर्णीच्या काळ्या रानांत मार्गशीर्षांत भरलेली विहीर वैशाखांत तळ दाखविते. एकानें मोठा पंप बसविला कीं शेजाऱ्याची विहीर आटते. म्हणून इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यास नुसतें यंत्र शिकवून भागत नाहीं. मुंबईच्या आय. आय. टी.नें १९८५ सालीं ग्रामीण तंत्रज्ञानाचें केंद्र काढलें. तेथील विद्यार्थी खेड्यांत राहून प्रश्न अभ्यासितात. परभणीच्या कृषि विद्यापीठांतहि कृषि अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, पिकें किती प्यालीं, हा ताळेबंद विद्यार्थ्यानें बांधावर मांडावा. आम्हीं कारकुनींत विहिरींची संख्या लिहिली. पातळी कधीं विचारली नाहीं. वाचकहो, आपण ती दरमहा लिहावी, व विद्यार्थी आल्यास वही त्याच्यापुढें ठेवावी.