माणूस ओळखून वागणारे घर

भिंती, दिवे, फोन, घड्याळे अशा रोजच्या वस्तूंत विखुरलेल्या आणि एकमेकांशी जोडलेल्या संगणकांच्या व्यवस्थेला सर्वव्यापी संगणन म्हणतात. कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रातले मार्क वायझर यांनी १९९१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली. संगणक वापरात इतका मुरावा की त्याच्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागू नये, हे तिचे सूत्र होय.

टेबलावरचा संगणक आज्ञेची वाट पाहतो. खोलीत विखुरलेल्या संगणकांना मात्र कोण आले, किती वाजले, उजेड किती आहे हे स्वतःच ताडून वागणे बदलावे लागते. मधेच एखादे उपकरण बंद पडले किंवा नेटवर्क तुटले, तरी उरलेल्या साधनांवर काम निभावावे लागते.

याचा एक आरंभीचा प्रयोग केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत झाला. तेथील कर्मचाऱ्यांच्या अंगावरचा बिल्ला दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेड संकेत सोडत असे. तो ज्या खोलीत टिपला जाई, तिथल्या टेलिफोनवर त्या व्यक्तीचा फोन जोडून देता येई.

परिस्थितीनुसार वागणे बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम सामान्यतः चार टप्प्यांत चालते: सेन्सरद्वारे निरीक्षण, विश्लेषण, नियोजन आणि अंमलबजावणी. हे चक्र अखंड फिरते आणि प्रत्येक फेरीतला अनुभव पुढच्या निर्णयासाठी साठवला जातो.

कोलोरॅडो विद्यापीठाचे मायकेल मोझर यांनी १९९०च्या दशकात बोल्डरमधील आपल्या घरातच अनुभवातून असे शिकणे तपासले. दिवे आणि तापमान सांभाळणारी तिथली प्रणाली ऊर्जेचा खर्च आणि रहिवाशाची गैरसोय, दोन्ही पैशांत मोजून त्यांची बेरीज कमीत कमी ठेवू पाही. दिवा अधूनमधून थोडा मंद करून ती अंदाज घेई. कोणी हाताने बटण दाबले, तर ती गैरसोय धरून पुढच्या वेळी निर्णय बदलत असे.

बाहेरची स्थिती सेन्सर मोजतो. मनातला हेतू मात्र त्याला दिसत नाही. अंधारात स्थिर असलेला माणूस झोपलेला असेल किंवा गाणे ऐकत असेल. म्हणून यंत्राचा निर्णय सहज फिरवता येणे आणि तो का घेतला हे माणसाला कळणे अत्यावश्यक आहे. शिवाय घराला माणसाच्या सवयी कळतात, तेव्हा त्याचे खासगी जीवनही नोंदले जाते. त्यामुळे गरजेपुरतीच माहिती गोळा करावी, शक्यतो ती घरातल्याच उपकरणात ठेवावी आणि पुसण्याचा अधिकार रहिवाशाकडे असावा. या अटी पाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्याच हाती घर विश्वासाने सोपवता येते.