म्हाताऱ्या कुत्रीच्या पिशवीत पू झाला तेव्हा

मागच्या दोन भागांत आपण शेळ्यांच्या लसीकरणाचं आणि मुरघासाचं बोललो. आज कुत्रीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आमच्या माणदेशात ज्यांच्या वस्तीवर शेळ्या-मेंढ्या आहेत, त्यांना कुत्र्याची किंमत विचारा. लांडगा आला तर आधी कुत्रं उठतं, मग माणूस उठतो.

आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या आक्का वस्तीवर एकट्या राहतात. पाच शेळ्या, दोन करडं आणि चिंगी. चिंगी तेरा वर्षांची आहे, तोंड पांढरं झालंय, रात्री जरा खोकते, पण कान अजून शाबूत आहेत. शिमग्याच्या सुमारास ती माजावर येऊन गेली. कुत्रीला म्हातारपणी बायकांसारखी पाळी जात नाही, हे आम्हालाही तेव्हाच कळलं. वय झालं की दोन माजांतलं अंतर वाढतं, पण माज येतच राहतो.

चैत्र संपता संपता चिंगी पाणी फार प्यायला लागली. शेळ्यांची घमेली रिकामी करायची, रात्रीतून दोन-तीनदा लघवीला उठायची. आक्का म्हणाल्या, "ऊन काय थोडं हाय का?" आम्हीही हो म्हणालो. त्या उन्हाळ्यात पाणी कोण कमी पीत होतं? मग अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी तिनं भाकरीला तोंड लावलं नाही. शेपटीखालचे केस चिकट झाले होते आणि घाण वास येत होता. आक्कांनी फोनवर अगदी आवाज खाली करून सांगितलं, "आगं, तिच्या अंगावरनं जातंय."

हे आवाज खाली करणं आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. स्वतःच्या अंगावरून जातं तेव्हा आपण जे करतो, तेच कुत्रीच्या बाबतीतही केलं. हळद-तूप दिलं, दोन दिवस वाट पाहिली. एकीनं घरातली तापाची गोळी द्यायला काढली होती, ती नशिबानं दिली नाही. माणसाच्या तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या लिव्हरला, पोटाला, मूत्रपिंडाला इजा होते, आणि या आजारात मूत्रपिंडं आधीच अडचणीत असतात.

तिसऱ्या दिवशी जीपमध्ये घालून तिला तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी ताप पाहिला, १०३.८ भरला. कुत्र्याचा नेहमीचा ताप १०१ ते १०२.५ असतो, त्यामुळे आपला हात लावून काही कळत नाही. रक्त काढलं, सोनोग्राफी केली. पडद्यावर पोटात काळ्या काळ्या जाड नळ्या दिसत होत्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, हिच्या गर्भपिशवीत पू झालाय. याला पायोमेट्रा म्हणतात. ऑपरेशन करून पिशवी काढणं हा यावरचा खरा उपाय."

"पिशवी काढणं" हे शब्द ऐकल्याबरोबर आमच्यातल्या दोघी-तिघी उसळल्याच. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे आपल्या बैठकांमध्ये कितीदा बोलून झालंय. गरज नसताना पिशव्या काढल्या गेलेल्या बायका आम्हाला माहीत आहेत. त्यामुळे डॉक्टरांवर संशय आला. पण त्यांनी न रागावता खुर्च्या दिल्या आणि आजार समजावून सांगितला. तो आम्हाला जसा कळला तसा सांगतो.

कुत्रीचा माज संपला की ती गाभण राहिलेली असो वा नसो, तिचं शरीर साधारण दोन महिने गाभण असल्यासारखंच वागतं. प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढलेलं राहतं. पिशवीचं आतलं अस्तर जाड होतं, त्यातून स्राव सुटतो. पिशवीचं तोंड मिटतं, ती आकुंचन पावत नाही, आणि बाहेरून आलेल्या जंतूशी लढायची तिची ताकद कमी होते. पिल्लं असती तर हे सगळं त्यांच्या सोयीचं. पिल्लं नसली तर तिथं जंतूंची सोय होते. बहुतेक वेळा जंतू ई. कोलाय हा असतो, आपल्या-त्यांच्या शेणा-विष्ठेतला. दर माजाला अस्तर असं फुगत जातं, म्हणून हा आजार जास्त करून वय झालेल्या कुत्रीला होतो, आणि माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी होतो. शिमगा ते अक्षय तृतीया मोजा, सात आठवडे होतात.

आणि पाणी? जंतूंच्या विषानं मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. पातळ लघवी खूप होते, म्हणून तहान लागते. म्हणजे आम्ही ज्याला उन्हाळा म्हणत होतो, तो आजार होता. पाणी पिते आहे म्हणजे बरी आहे असं आपण जनावराबद्दल सहज म्हणतो. माज होऊन गेलेल्या कुत्रीबद्दल असं म्हणू नका.

या आजाराचे दोन प्रकार आहेत. पिशवीचं तोंड थोडं उघडं असेल तर पू बाहेर येतो, दिसतो, वास येतो. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. कुत्री नुसती मलूल होते, ओकते, पोट फुगतं, आणि पिशवी आत फुटली तर सगळ्या पोटात पू होतो. चिंगीचं तोंड उघडं होतं.

ऑपरेशनला अडचण तिच्या काळजाची होती. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं तेव्हा ठोक्याबरोबर सूं सूं आवाज येत होता. रात्रीचा खोकला त्याचाच. भूल दिली तर ती उठेलच, याची खात्री ते द्यायला तयार नव्हते. पू बाहेर येतोय, ताप फार नाही, रक्तातला मूत्रपिंडाचा आकडा थोडाच वाढलाय, म्हणून औषधांनी प्रयत्न करू असं ठरलं. पण एक अट त्यांनी घातली. दोन दिवसांत ती खायला लागली नाही तर काळीज कसंही असो, ऑपरेशन करावं लागेल.

खर्चाचा प्रश्न बैठकीत आला. कुत्रीसाठी गटाचं अंतर्गत कर्ज द्यायचं का? एक ताई म्हणाल्या, "शेळीला दिलं असतं, कुत्री काय दूध देतीया?" तासभर वाद झाला. शेवटी दुसऱ्या एका ताईंनी विचारलं, "आक्काच्या शेळ्यांना आपण कर्ज दिलंय ना? त्यांची राखण कोण करतंय?" सहा हजार मंजूर झाले, सहा हप्ते, नेहमीच्याच व्याजानं.

आता उपचार. आधी सलाईन, कारण सुकलेल्या जनावराला बाकीची औषधं सोसत नाहीत. पुवाचा नमुना तपासणीला पाठवून जंतूवरचं औषध सुरू केलं, ते पुढं तीन आठवडे चाललं. पण नुसत्या अँटिबायोटिकनं हा आजार जात नाही. पुवानं भरलेल्या पिशवीत औषध नीट पोचत नाही आणि संप्रेरक आपलं काम करतच असतं. म्हणून त्या संप्रेरकाला आवर घालायचा आणि पिशवीला आकुंचन पावायला लावून पू बाहेर काढायचा, अशी दोन कामं करावी लागतात.

पहिल्या कामासाठी अग्लेप्रिस्टोन नावाचं इंजेक्शन चांगलं. त्यानं प्रोजेस्टेरॉनचा परिणाम थांबतो आणि मिटलेलं तोंडही उघडतं. डॉक्टरांनी चार ठिकाणी फोन केले, आमच्याकडे ते मिळालं नाही. मग त्यांनी कॅबरगोलिनच्या गोळ्या दिल्या. बायकांचं दूध आटवायला देतात तीच ही गोळी. माज जाऊन महिनाभर झालेला असेल तर तिच्यानं प्रोजेस्टेरॉन उतरतं. दुसऱ्या कामासाठी प्रोस्टाग्लँडिन जातीचं इंजेक्शन.

इथं जरा लक्ष देऊन ऐका. गाई-म्हशी माजावर आणायला जे इंजेक्शन देतात, ते याच जातीचं आहे, आणि ते गावात कुणाकडेही सापडतं. चिंगीला दिलेलं माप गाईच्या मापाच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं थोडं होतं. डॉक्टर ते पातळ करून, वजनावर मोजून, बारक्या सिरिंजनं देत होते. गाईचं इंजेक्शन अंदाजानं कुत्रीला टोचलं तर ती मरू शकते. पिशवीचं तोंड बंद असताना दिलं तर पिशवी फुटू शकते. आणि दुसरी गोष्ट आपल्यासाठी. गरोदर बाईनं आणि दम्याच्या माणसानं या औषधाला हातसुद्धा लावायचा नाही. ते कातडीतून आत जातं. गरोदर बाईचा गर्भ पडू शकतो, दमेकऱ्याला दम लागतो. आक्कांची नात तेव्हा पाचव्या महिन्यात होती, वस्तीवर राहायला आलेली. तिला आम्ही उपचार संपेपर्यंत धाकट्या जावेकडे पाठवलं. पुवानं भरलेली फडकीही हातमोजे घालून उचलली आणि जाळली.

इंजेक्शन रोज सकाळी उपाशीपोटी. पहिल्या दिवशी टोचल्यावर पाच-दहा मिनिटांत चिंगी धापा टाकायला लागली, तोंडातून लाळ, एकदा ओकली, जागच्या जागी फिरत राहिली. आम्हाला वाटलं, गेली. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं तरी वाटलं. त्यावर उपाय म्हणजे तिला वीस-पंचवीस मिनिटं हळूहळू चालवायचं, म्हणजे मळमळ कमी होते. दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाभोवती आक्का तिला घेऊन फिरत होत्या. काळीज कमजोर म्हणून तासभर तिथंच थांबवून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं आक्कांच्या हातून दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी पू एवढा आला की आक्का रडायला लागल्या. पण पू येणं हेच हवं होतं. आम्ही रोज वहीत लिहीत होतो, पाणी किती तांबे, खाल्लं का, ओकली का, ताप किती. गटाच्या हिशेबाची सवय कामाला आली. डॉक्टर रोज आधी वही बघायचे, मग कुत्री. आठव्या दिवशीच्या सोनोग्राफीत नळ्या निम्म्यावर आल्या होत्या, चौदाव्या दिवशी पिशवी रिकामी दिसली.

ही गोष्ट आम्ही गावभर सांगितली. कापाकापी न करता पिशवी वाचली, असं अभिमानानं सांगितलं. ती आमची चूक झाली.

आषाढात शेजारच्या वस्तीवरची सात वर्षांची कुत्री मलूल झाली. बाहेर काही जात नव्हतं, पोट तेवढं तटतटलं होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तोंड बंद आहे, आजच ऑपरेशन करू, काळीज चांगलं आहे, ती निभावेल. घरच्यांनी विचारलं, चिंगीला दिलं ते इंजेक्शन द्या. डॉक्टर नाही म्हणाले, तर ते कुत्री घरी घेऊन आले आणि इंजेक्शन कुठं मिळतं ते शोधत दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं तेव्हा पू पोटात उतरला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. त्या घरच्या ताई आमच्याच गटात आहेत. त्यांनी आम्हाला एका शब्दानं बोल लावला नाही, पण बैठकीत त्या आता मागं बसतात.

म्हणून आज हे सगळं सांगायला बसलो. चिंगीला औषधं दिली, कारण तिला भूल सोसणार नव्हती आणि तिचं तोंड उघडं होतं. दोन्ही गोष्टी असतील तरच त्या वाटेनं जायचं, तेही रोज डॉक्टरांच्या नजरेखाली. एरवी ऑपरेशनच. बायकांच्या पिशवीचा प्रश्न वेगळा आहे, तो कुत्रीच्या आजारात आणू नका. इथं पिशवी ठेवून कुणाचा हक्क राखला जात नाही.

शिवाय औषधांनी बरी झालेली कुत्री कायमची बरी झाली असं नाही. पुढच्या माजानंतर हा आजार पुन्हा होऊ शकतो, पुष्कळदा होतोही. पिल्लं घ्यायची नसतील तर तरण्या, धडधाकट कुत्रीची नसबंदी वेळेवर करून घेतली की हा प्रश्नच मिटतो. कुत्री माजावर येऊ नये म्हणून कुणी संप्रेरकाचं इंजेक्शन देत असेल तर घेऊ नका, त्यानं या आजाराचा धोका वाढतो.

मदतीसाठी १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. फोन करताना माज कधी येऊन गेला ती तारीख आधी सांगा.

चिंगी सध्या वस्तीवर आहे, खोकते आणि भुंकते. तिचा पुढचा माज दिवाळीच्या आगेमागे यावा. तो संपल्यावर तीन-चार आठवड्यांनी, काही दिसो न दिसो, सोनोग्राफीला न्यायचं ठरलंय. आक्कांना आकडे वाचता येत नाहीत, म्हणून कॅलेंडरवर नातीनं कुत्रीचं चित्र काढून ठेवलंय. कर्जाचे चार हप्ते फिटले, दोन राहिलेत. पुढच्या भागात करडांच्या हगवणीबद्दल बोलू. नमस्कार.